विजयदुर्गची खाडी: किल्ल्याच्या सावलीत राहिलेली गोदी आणि किनाऱ्याचा आराखडा

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत विजयदुर्ग आहे. त्याच वर्षी मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गसाठी रो-रो (गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या) बोटसेवेची घोषणा झाली. सिंधुदुर्ग हा १९९७ पासूनच घोषित पर्यटन जिल्हा. एवढं एकत्र आलं की पुढची मागणी ठरलेली असते: किल्ल्याच्या पायथ्याशी ‘सांस्कृतिक परिसर’ करा. संग्रहालय, खुला रंगमंच, प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, दगडी फरसबंदी, खाऊगल्ली आणि वाहनतळ. असा नकाशा कुठलाही सल्लागार आठवडाभरात काढून देईल.

या प्रकरणात तो नकाशा का चालत नाही आणि त्याऐवजी काय आखायला हवं, याचा हा अभ्यास आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. विजयदुर्गच्या सागरी वारशाचा गाभा किल्ल्यात नाही, तर किल्ल्यापासून खाडीने साधारण तीन किलोमीटर आत असलेल्या गिर्येच्या गोदीत आहे. आराखडा तिथून सुरू झाला तर किल्ला, जेट्टी, मच्छीमार वस्ती आणि खाडी एका सूत्रात येतात. किल्ल्यापासून सुरू केला तर गोदी कायमची गाळात राहते आणि गावाला गर्दीशिवाय काही मिळत नाही.

जागेवर काय काय आहे

वाघोटन नदीच्या मुखावर, देवगड तालुक्याच्या उत्तर टोकाला हा किल्ला. मूळचा सुमारे पाच एकरांचा; शिवकाळात वाढून सतरा एकरांचा आणि तिहेरी तटाचा झाला. एके काळी चारी बाजूंनी पाणी होतं. जमिनीकडचा खंदक नंतर बुजला आणि आता रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो. खाडीचं बंदर नैसर्गिकरीत्या खोल. मुखाशी वाळूचा आडवा बांध (बार) नसल्यामुळे भर पावसाळ्यातही जहाजं आत येऊ शकत, असं जुन्या गॅझेटिअरने नोंदवून ठेवलं आहे. कोकणातल्या बहुतेक खाड्यांना हे सुख नाही.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या आरमाराने इथे आंग्र्यांचा ताफा जाळला. त्यानंतर किल्ला पेशव्यांकडे आला आणि आनंदराव धुळपांच्या हाताखाली मराठी आरमाराचं मुख्य ठाणं झाला. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. हा इतिहास बहुतेकांना तटावर उभं राहूनच सांगितला जातो. मात्र ज्या गुराबांनी (मोठ्या लढाऊ जहाजांनी) आणि गलबतांनी (त्यांहून लहान जहाजांनी) तो घडवला त्यांची बांधणी आणि डागडुजी तटावर होत नव्हती. ती खाडीच्या आत, खडक फोडून केलेल्या गोदीत होत होती.

ही गोदी अंदाजे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, तोंड उत्तरेला. चारशे-पाचशे टनांपर्यंतची जहाजं इथे होत, असं सांगितलं जातं. तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब तीनशे टनांच्या आसपास आणि गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर जाई, हे लक्षात घेतलं तर गोदीचा आकार उगाच मोठा नव्हता: एका वेळी अनेक जहाजं आत घेता येत होती. आज तिचा बराचसा भाग गाळाने भरला आहे आणि लहान होड्या तिथे अजून लागतात.

याखेरीज खाडीकाठच्या वारशात आणखी चार गोष्टी येतात. समुद्रतळाशी आठ ते दहा मीटर खोलीवर असलेली जांभ्याची भिंत: लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी ७ मीटर, उंची ३ मीटर. या परिसरातून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवलेले दगडी नांगर. गिर्येचं रामेश्वर मंदिर, जिथे संभाजी आंग्र्यांची समाधी आहे आणि आवारात जहाजाची डोलकाठी उभी आहे. आणि चौथी, जी कुठल्याच संरक्षित यादीत नसते, ती म्हणजे गाबितांची आणि इतर मच्छीमारांची चालती-बोलती वहिवाट.

पायथ्याशीच घोडं अडतं

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. प्राचीन स्मारक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करताच येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय वीट रचता येत नाही. विजयदुर्गला या ३०० मीटरांत भूशिराचं टोक, एसटी स्थानक, जेट्टीकडचा भाग आणि बाजाराचा मोठा हिस्सा येतो. म्हणजे पायथ्याशी संग्रहालयाची इमारत कागदावरच बाद होते. परवानगी मिळण्याआधीच निविदा काढणं हा इथला नेहमीचा प्रकार. मग वास्तुविशारदाचं शुल्क जातं, दोन वर्षं जातात आणि शेवटी पत्र्याची तात्पुरती शेड उभी राहते, जी कोणीच हलवत नाही.

दुसरी चौकट सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांची. २०१९ च्या अधिसूचनेनुसार कांदळवन, भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा आणि वारसास्थळं ही सगळी पहिल्या वर्गात येतात आणि तिथल्या प्रस्तावांचा निर्णय दिल्लीत होतो. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तर त्याभोवती पन्नास मीटरचा राखीव पट्टा. खाडीकाठी ना-विकास क्षेत्र ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यांतलं जे कमी असेल ते. खुल्या समुद्राकडे, विरळ वस्तीच्या गावांसाठी, तेच २०० मीटर. त्या पट्ट्यात भरतीरेषेपासून किमान दहा मीटर सोडून तात्पुरती स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या, पाण्याची सोय अशा पर्यटकांच्या हलक्या सोयीच चालतात. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालामुळे कांदळवनाला हात लावणारं कोणतंही सार्वजनिक काम न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुढे सरकत नाही.

यात जागतिक वारसा यादीची भर पडली आहे. किल्ल्याभोवतीच्या राखीव क्षेत्रात मोठा बदल करायचा तर वारसा-परिणाम मूल्यांकन आधी करावं लागतं. रो-रोसाठी जेट्टी वाढवणं, गाड्यांच्या रांगेसाठी जागा करणं, खाडीत गाळ उपसणं हे सगळं त्यात मोडतं. सुरुवात झाल्यावर मूल्यांकन करायला बसलं तर ते फक्त समर्थनाचं टिपण होतं.

गोदीपासून सुरुवात

पहिलं काम नकाशाचं आहे, आणि तिथेच सगळ्यात महागडी चूक होते. समुद्राचे नकाशे खोली मोजतात ती सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. जमिनीचे नकाशे उंची मोजतात ती सरासरी समुद्रपातळीपासून. या दोन शून्यांमध्ये या किनाऱ्यावर सव्वा मीटरहून अधिक अंतर आहे. बंदर विभागाचा नकाशा आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचा नकाशा एकमेकांवर तसेच ठेवले तर ओटा, पायऱ्या, विजेची पेटी सगळं सव्वा मीटर खाली आखलं जातं आणि पहिल्याच उधाणाला पाण्यात जातं. म्हणून गोदीच्या तोंडाशी भरतीची मोजपट्टी बसवायची, किमान तीस दिवस नोंदी घ्यायच्या, म्हणजे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही दोनदा पकडता येतात. मग एक कायमचा पातळीदगड रोवून दोन्ही शून्यं त्यावर कोरायची. इथे उधाणाच्या भरती-ओहोटीत साधारण अडीच मीटरचा फरक असतो. आराखड्यातला प्रत्येक आकडा त्याच दगडापासून काढला पाहिजे.

दुसरं, गाळ. पाच-पाच मीटरवर सळई खुपसून खडक किती खाली लागतो ते मोजायचं. १०९ गुणिले ७० च्या चौकटीत असे सुमारे ३४५ बिंदू येतात. दोन जणांची तुकडी ओहोटीच्या वेळा सांभाळून हे काम दोन-तीन आठवड्यांत करू शकते. यातून खडकाचा तळ कसा आहे, उतार कुठे आहे, गोदीच्या तोंडाशी दरवाजाची खाच लागते का हे कळतं. गोदीचं क्षेत्रफळ ७,६३० चौरस मीटर. म्हणजे एक मीटर जाडीचा गाळ काढायचा तर ७,६३० घनमीटर. दहा घनमीटरचा डंपर धरला तरी साडेसातशेहून अधिक खेपा, आणि ओला गाळ फुगतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. गावातल्या अरुंद रस्त्यावरून हे नेणार कसं आणि टाकणार कुठे, याचं उत्तर नसताना ‘गोदी गाळमुक्त करू’ अशी घोषणा करण्यात अर्थ नाही.

शिवाय तो गाळ नुसता चिखल नाही. हवाबंद चिखलात लाकूड, दोर, काथ्या, लोखंडी खिळे शतकानुशतकं टिकतात. पोकलेन लावला की हे सगळं दोन दिवसांत संपतं. म्हणून आधी दोन बाय दोन मीटरचे तीन-चार चाचणी खड्डे घ्यायचे: एक दरवाजाच्या आत, एक मधोमध, एक सर्वांत आतल्या टोकाला. दहा-दहा सेंटिमीटरचा थर हाताने काढायचा, भोवती मातीच्या गोण्यांचा बांध आणि छोटा पंप. ओहोटीला हाताशी जेमतेम चार तास मिळतात. उत्खननाची परवानगी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांकडून येते. ग्रामपंचायतीचा ठराव पुरेसा नाही.

लाकूड मिळालं तर काय, हे खड्डा खणण्याआधी ठरलेलं हवं. पाण्यात मुरलेलं लाकूड उन्हात ठेवलं की काही तासांत आक्रसून फाटू लागतं. ते गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवायचं, पाणी बदलत मीठ काढायचं, मग पॉलिइथिलीन ग्लायकॉल या लाकूड आक्रसू न देणाऱ्या रसायनात मुरवायचं. लहान तुकड्यांनाही महिने लागतात. स्टॉकहोमला समुद्रातून वर काढलेल्या वासा जहाजावर १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षं याच रसायनाची फवारणी चालली होती. टाकी, रसायन आणि प्रशिक्षित माणूस यांची तरतूद नसेल तर लाकूड जिथे आहे तिथेच, चिखलात, सुरक्षित आहे. मोजून, नोंदवून पुन्हा झाकायचं. यात कमीपणा काही नाही.

तिसरं, गाळ येतो कुठून? बहुतेक आराखड्यांत हा प्रश्नच नसतो. गोदीच्या तोंडासमोर प्रवाह मंदावतो, भरतीबरोबर आलेली बारीक माती आत बसते आणि ओहोटीला तेवढ्या जोराने बाहेर जात नाही. तोंडाशी वाढलेलं कांदळवन तिला आणखी धरून ठेवतं. कारण न शोधता तळ साफ केला तर तीन-चार पावसाळ्यांत येरे माझ्या मागल्या. आधी वर्षभर, प्रत्येक ऋतूत, पाण्यातल्या गाळाचं प्रमाण आणि प्रवाहाचा वेग मोजावा. उपाय म्हणून तोंडाशी जुन्या मापाचा मार्ग तेवढा मोकळा करून आतल्या पाण्याला ओहोटीबरोबर जोराने बाहेर पडू द्यावं. संपूर्ण गोदी एकदम उघडण्यापेक्षा दरवाजाकडचा एक तृतीयांश भाग खडकापर्यंत उघडा करावा आणि उरलेला गाळाखाली तसाच ठेवावा. लोकांना गोदी समजायला तेवढा भाग पुरतो.

दोन गोष्टी मात्र ठामपणे टाळायच्या. एक, कडांना सिमेंट-काँक्रीटचं अस्तर. खडकातून पाझरणारं पाणी अडतं, अस्तरामागे दाब वाढतो आणि काही वर्षांत तेच अस्तर जुना दगड घेऊन सुटतं. दुसरी, चित्रात छान दिसावं म्हणून तोंडाला झडप लावून आत पाणी कायम भरून ठेवणं. साचलेल्या पाण्यात शेवाळ आणि डास होतात, गाळ जास्त वेगाने बसतो आणि मुख्य म्हणजे भरतीला जहाज आत, ओहोटीला तळ कोरडा, हे गोदीचं कामच दिसेनासं होतं. पाहणाऱ्याला दिवसातून दोन वेगळ्या गोद्या दिसल्या पाहिजेत.

जून-जुलैची जागा

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. मोठे ट्रॉलर खाडीत आत नांगरून राहतात, लहान होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. आराखडा करणारे बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. त्यांना किनाऱ्यावर मोकळी जागा दिसते आणि ते तिथे फरसबंदी चौक आखतात. मे अखेरीस त्याच चौकात होड्या येऊन बसतात, आणि मग ‘अतिक्रमण’ हटवायची नोटीस निघते. वारसा जपण्याच्या नावाखाली वारसाच हाकलला जातो, तो असा.

हिशेब सोपा आहे. नऊ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद होडीला चारी बाजूंनी दीड मीटर फिरायला जागा धरली तर १२ गुणिले ५.४, म्हणजे सुमारे ६५ चौरस मीटर. चाळीस होड्यांना २,६०० चौरस मीटर. गावातल्या प्रत्यक्ष होड्या मे महिन्यात मोजून हा आकडा काढायचा आणि तेवढी जागा नकाशावर सगळ्यांत आधी आखून टाकायची. उरलेल्या जागेत बाकीचं. इथे विजेचे खांब, झाडांचे गोल कट्टे, लोखंडी बाक नकोत. होडी वळवताना सगळ्याची वाट लागते. उतार आठास एक ते बारास एक, पृष्ठभाग खडबडीत जांभ्याचा किंवा दगडी, मध्ये लाकडी आडवे ओंडके टाकायला खाचा. घोटलेला ग्रॅनाइट शेवाळ धरतो आणि पहिल्या पावसात कोणीतरी हाड मोडून घेतो. वरच्या टोकाला खडकात पक्की रोवलेली कडी आणि हातरहाट असला की वीस माणसांचं काम सहा जणांत होतं.

याच दोन महिन्यांत दुरुस्ती चालते, आणि पर्यटकाला दाखवण्यासारखं खरं काम तेच. फळ्यांच्या सांध्यातला जुना कापूस हुकाने ओढून काढायचा. सांधा कोरडा झाला की कापसाचा किंवा काथ्याचा पिळलेला पेड बोथट छिन्नीने आत ठोकत जायचा. एकसारखा ठोका हवा: सैल राहिला तर पाणी येतं, फार आवळला तर फळी बाहेर पडते. कसबी कारागीर आवाजावरून ओळखतो. पोकळ ‘ढब’ जाऊन ‘टक’ आला की तेवढा वीतभर भाग झाला. वरून राळ आणि तेल एकत्र तापवून केलेला लेप. फायबरच्या होड्या आल्यापासून हे काम जाणणारे हात झपाट्याने कमी होत आहेत. इमारतीचा पाया भरण्याआधी या कामाचं चित्रीकरण, हत्यारांची मापं आणि शब्दांची नोंद झाली पाहिजे. लाकडी होडीच्या प्रत्येक भागाला, प्रत्येक दोराला, वाऱ्याच्या प्रत्येक दिशेला तांडेलांच्या (होडीच्या म्होरक्यांच्या) तोंडी वेगळं नाव आहे. ते लिहून घ्यायला एक वर्ष, दोन माणसं आणि एक चांगला ध्वनिमुद्रक लागतो. सगळ्या प्रकल्पात एवढं स्वस्त आणि एवढं निकडीचं दुसरं काम नाही.

गोदीच्या काठाला, राखीव पट्ट्याच्या बाहेर, एक उघडी शेड उभारून दर वर्षी एक लाकडी होडी खरोखर बांधायला घ्यावी. काचेत ठेवायला नाही, विकायला. पहिली काही वर्षं तिच्या किमतीतला फरक प्रकल्पाने सोसावा. हस्तकला म्हणून छोट्या प्रतिकृती विकण्याची कल्पना हमखास पुढे येते. ती वाईट नाही, पण प्रतिकृती करणारा हात वेगळा आणि नऊ मीटरची फळी वाकवणारा हात वेगळा.

जाळी पसरायला वीसेक मीटर लांबीचा सावलीचा पट्टा, मासळी सुकवायला ओटे हेही नकाशावर हवं. कोरड्या ऋतूत दुपारचा वारा समुद्राकडून, वायव्येकडून येतो. त्यामुळे सुकवणीचे ओटे पाहुण्यांच्या वाटेच्या पूर्वेला ठेवले की वास खाडीकडे जातो आणि पुढची पाच वर्षं तक्रारी ऐकाव्या लागत नाहीत.

पाण्याखालची भिंत आणि बोटीची वाट

भिंतीबाबत थोडक्यात. तिला पाहण्यासाठी पाणबुड्यांची सहल काढू नये. खाडीचं पाणी गढूळ, प्रवाह जोराचा आणि जांभा ठिसूळ. तिचा सर्वांत मोठा शत्रू नांगर आहे. मल्टिबीम आणि साइड स्कॅन सोनारने (ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणाऱ्या यंत्रांनी) तिची हद्द निश्चित करायची, चारी कोपऱ्यांना बोये (तरंगत्या खुणा) लावायचे आणि तेवढ्या भागात नांगर टाकायला बंदी करायची. रो-रोच्या मार्गासाठी कुठेही तळ खोल करायचा झाला तर हे सर्वेक्षण आधी व्हायला हवं. ड्रेजरची एक चुकलेली फेरी काही मिनिटांत ती भिंत फोडू शकते.

किल्ल्यापासून गोदीपर्यंत माणसं न्यायची ती खाडीनेच. तीन किलोमीटरचा हा पाण्याचा रस्ता म्हणजे अर्धा वारसा. फक्त वेळापत्रक घड्याळाचं ठेवून चालत नाही. ओहोटीला गोदीच्या तोंडाशी चिखल असतो. फेऱ्या भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढ्याच शक्य. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून दर महिन्याचं वेळापत्रक भरतीच्या कोष्टकावरून काढून फलकावर आणि मोबाइलवर द्यायचं. बाकीच्या वेळी रस्त्याने.

चढण्या-उतरण्यासाठी तरंगती जेट्टी आणि त्याला जोडणारी शिडी. पातळीत अडीच मीटर फरक असेल तर बारा मीटरची शिडी ओहोटीला पाचास एक इतकी उभी होते. चाकाची खुर्ची सोडाच, धडधाकट म्हातारा माणूसही उतरणार नाही. आठास एक उतार हवा तर वीस मीटर, बारास एक हवा तर तीस. निविदेत लांबी लिहिली नाही तर ठेकेदार बारा मीटरचीच आणणार. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाच्या किंवा जाड जस्तलेपाच्या. ३०४ प्रत खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षांत ठिपक्या-ठिपक्यांनी गंजते. डिसेंबर २०२३ मध्ये मालवणच्या राजकोटावर उभारलेला पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, त्याआधी त्याच्या नटबोल्टांना गंज लागल्याची नोंद झालेली होती. याच जिल्ह्यातलं हे उदाहरण असताना धातूची प्रत निविदेत न लिहिणं अक्षम्य आहे.

तट, चुना आणि फलक

किल्ल्याचं काम पुरातत्त्व खात्याचं; परिसर-आराखड्याने त्याला पूरक राहायचं. २०२० च्या पावसाळ्यात तटाचा काही भाग ढासळला होता. लाटा पायथ्याची भर ओढून नेतात, वरून झाडांची मुळं सांधे उकलतात आणि मधे पाणी मुरतं. तीन कारणं एकत्र येतात, पण पैसा बहुधा चौथ्याच गोष्टीवर, म्हणजे वरच्या वाटांवर आणि दिव्यांवर खर्च होतो. सांधे भरताना सिमेंट वापरलं तर खारं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ते जांभ्यातून पडतं, आणि मिठाचे खडे दगडाचाच पापुद्रा काढतात. पाच-सात वर्षांनी सिमेंटची रेघ पुढे आणि दगड आत गेलेला दिसतो. किमान तीन आठवडे भिजवून मुरवलेला चुना, सुरखी (विटांची भुकटी) आणि नदीची धुतलेली वाळू, साधारण एकास एकास दोन या प्रमाणात, चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाखाली) मळून. समुद्राची वाळू कधीच नाही. भरल्यावर ओल्या गोणपाटाखाली निदान दोन आठवडे. काम नोव्हेंबरमध्ये सुरू झालं तर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपतं. मार्चमध्ये निधी आला म्हणून एप्रिलमध्ये सुरू केलेला चुना उन्हाने करपतो आणि उरलेला पावसात धुऊन जातो. पिंपळ-उंबर उपटायचे नाहीत, बुंधा कापून मूळ जागेवरच मारायचं.

फलकांवर काय लिहायचं यावरही आराखड्यात एक पान हवं. विजयदुर्गवरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने हेलियमचा शोध लावला, असं सर्रास सांगितलं जातं आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा या किनाऱ्यावरून गेला, हे खरं. मात्र त्या दिवशी या शोधातला दुसरा शास्त्रज्ञ, फ्रेंच जान्सेन, गुंटूरला होता, आणि लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना पाहिली. तो ग्रहणासाठी भारतात आला १८७१ मध्ये, केरळातल्या बेकलला. फलकावर ग्रहणाचा पट्टा दाखवावा, ओट्यांची लोककथा लोककथा म्हणून द्यावी आणि दिन साजरा करत राहावा. विज्ञानावर चार शब्द बोलले जातात, ते चांगलंच आहे. गोदीच्या काळाबद्दल आंग्रे की धुळप असा वाद आहे, तिथे ‘अठरावं शतक’ लिहिणं पुरे. जागतिक वारसास्थळाच्या फलकावर चुकीचं वर्ष असणं गावाला परवडणारं नाही.

गाड्या, पाणी, संडास

बसची जागा भूशिराबाहेर, किल्ल्यापासून किमान दीड किलोमीटरवर. एका बसला फिरायच्या जागेसह सुमारे शंभर चौरस मीटर. बारा बसना बाराशे. रो-रोच्या गाड्यांची रांग या हिशेबात मिसळायची नाही, तिची जागा वेगळी. दोन्ही एकत्र झाल्या तर मासळीचा टेम्पो अडकतो, आणि मासळी थांबत नाही.

पाणी एप्रिल-मेमध्ये कमी पडतं आणि गर्दीही नेमकी तेव्हाच. रोज हजार माणसं आणि माणशी सात लिटर धरलं तर सात हजार लिटर फक्त स्वच्छतागृहांना. छपरांचं पाणी साठवायला टाकी हवी. शोषखड्डा मात्र नको: जांभा सच्छिद्र असल्यामुळे मैला थेट शेजारच्या विहिरीत उतरतो. बंदिस्त, अस्तर असलेली टाकी आणि तिचा उपसा करणारी गाडी, तिच्या फेऱ्यांच्या खर्चासह. विजेच्या पेट्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर उंच. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हाच्या पाण्याच्या खुणा गावकऱ्यांकडून विचारून नकाशावर घालाव्यात.

चालवणार कोण

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, बंदर आणि जेट्टी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, होड्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे, कांदळवन वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, रस्ते बांधकाम विभागाकडे, देवस्थान आपलं वेगळं आणि दोन ग्रामपंचायती. प्रत्येकाकडे नाही म्हणायचा अधिकार आहे, झाडू मारायची जबाबदारी कोणाचीच नाही. म्हणून पहिला करार बांधकामाचा नाही, देखभालीचा व्हायला हवा: कोणता मीटर कोणाचा, कचरा कोण उचलणार, बोये कोण तपासणार, प्रवेशशुल्कातला आणि बोटीच्या भाड्यातला किती हिस्सा देखभाल निधीत जाणार. बोटफेऱ्यांचे परवाने स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला आधी, बाहेरच्या ठेकेदाराला नंतर. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली समिती ठीक, पण बदली होताच ती झोपते. म्हणून पूर्णवेळ व्यवस्थापक आणि तीन वर्षांचा पगार बाजूला ठेवलेला.

क्रम असा. पहिल्या वर्षी फक्त पाहणी: पातळीदगड, भरतीच्या नोंदी, गाळाचे बिंदू, सोनार, सातबारे, होड्यांची मोजणी, शब्दांच्या नोंदी. दर शंभर रुपयांतले पंधरा-वीस इथे गेले पाहिजेत. सध्या फार थोडे जातात. दुसऱ्या वर्षी परवानग्या आणि चाचणी खड्डे, सोबत होड्यांचा उतार आणि बंदिस्त स्वच्छतागृहं, कारण या दोन्हींना खड्ड्यांच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी दरवाजाकडची गोदी, तरंगती जेट्टी, होडी बांधायची शेड. संग्रहालय हवंच असेल तर पाचव्या वर्षी, गावातल्या एखाद्या जुन्या चिरेबंदी घरात, ३०० मीटरच्या बाहेर. तोपर्यंत त्यात ठेवायला काय मिळालं आहे हे कळलेलं असेल. कंत्राटाच्या तारखा नारळी पौर्णिमेला धरून लिहाव्यात: किनाऱ्यावरचं कोणतंही काम तिच्यानंतर सुरू आणि मेच्या पंधरा तारखेला बंद, म्हणजे होड्या वर घ्यायला जागा मोकळी सापडते.